रिपोर्टच्या आधीची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरी मोठं आजारपण आलं की सुमनमावशी त्यांना माझा नंबर देऊन मोकळी होते. "रजनीला विचारा, ती सगळ्यातून गेलेली आहे," असं सांगते. मग फोन येतात. माणसं आधी औषधांचं विचारतात, मग खाण्यापिण्याचं, मग केसांचं. आणि फोन ठेवायच्या आधी आवाज खाली आणून बहुतेक जण एकच विचारतात, "ताई, तेव्हा तुम्हाला प्रार्थना करता येत होती का?"

याचं उत्तर मला फोनवर देता येत नाही. हो म्हटलं तर खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटं. म्हणून एकदा बसून लिहून काढतेय. मी डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत गणित शिकवते, तेव्हा फार नटवून लिहिता येणार नाही. औषधांची नावंही इथे नाहीत. ती प्रत्येकाची वेगळी असतात आणि तुमचे डॉक्टर तुम्हाला सांगतीलच.

आमच्याकडची पद्धत

आधी आमच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मराठी ख्रिस्ती घरात काही चांगलं घडलं की उपकारस्तुतीची सभा घेतात. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी येतात, मंडळीतली माणसं येतात, सतरंज्या पडतात, पेटी आणि झांजा निघतात. दोन-तीन गाणी, शास्त्रवाचन, थोडा संदेश. मग घरातलं कर्तं माणूस उभं राहून साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतं. मग प्रार्थना आणि मग खाणं. लहानपणी आमचं सगळं लक्ष शेवटच्या भागाकडे असायचं.

माझे बाबा मूळचे नगरकडचे. कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांना उपकारस्तुतीचं वेडच होतं. गॅसचं कनेक्शन मिळालं, सभा. भाऊ जिन्यावरून पडला आणि फक्त एक दात पडला, सभा. मी दहावीला गणितात पहिली आले तेव्हा तर त्यांनी शेडमधल्या साहेबालाही बोलावलं. रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्या, माणसं व्हरांड्यापर्यंत बसलेली, चपलांचा ढीग थेट जिन्यावर. आई स्वयंपाकघरातून पुन्हा पुन्हा डोकं बाहेर काढून माणसं मोजायची, कारण बाबा 'जवळचे चारजण' म्हणायचे आणि अख्खी कॉलनी यायची. लाल सरबत, कागदाच्या बशीत चिवडा आणि केळं. बाबांची साक्ष लांबायची. नगरच्या दुष्काळापासून सुरू होऊन ती गॅसच्या शेगडीपर्यंत यायला बराच वेळ घ्यायची. आई मग दाराआडून खोकायची आणि बाबा म्हणायचे, "आता थोडक्यात सांगतो." तिथून पुढे आणखी तेवढंच.

ते क्वार्टर आता पाडलेत. बाबाही नाहीत आणि आईही नाही. पण कुठे सतरंजी झटकल्याचा आवाज आला की मला अजून सरबताची तहान लागते.

अनिल, माझे मिस्टर, एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअरला आहेत. त्यांच्यात मी काय पाहिलं असं कुणी विचारलं तर सांगते, की माझ्या बाबांची साक्ष शेवटपर्यंत मन लावून ऐकणारा तो एकच तरुण होता. लग्न झाल्यापासून आमच्या घरी संध्याकाळची प्रार्थना त्यांनीच करायची, असा न ठरवता ठरलेला नियम होता. दिवाबत्तीच्या वेळी ते हातपाय धुऊन कॉटवर बसायचे आणि दिवसभरातलं सगळं देवाला सांगायचे. देवाला आमच्या पंख्याच्या रेग्युलेटरचीसुद्धा बित्तंबातमी असायची. मी डोळे मिटून बसायची आणि खरं सांगायचं तर मनात दुसऱ्या दिवशीची भाजी ठरवायची. प्रार्थना करणारं माणूस घरात होतं, त्यामुळे मला ती शिकावी लागली नाही.

गाठ

नाताळच्या तयारीचे दिवस होते. माझी मुलगी स्नेहा माझ्या गळ्यातल्या माळेचा हुक लावत होती आणि म्हणाली, "मम्मी, हे काय लागतंय?" डाव्या बाजूला, मानेच्या मुळाशी, पावट्याएवढी गाठ. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी ठरवून टाकलं आणि करंज्यांच्या मागे लागले.

जानेवारीत ती सुपारीएवढी झाली. डॉक्टरांनी सुई घालून तपासणी केली. रिपोर्ट आला आणि ते म्हणाले, "यात काही वाईट दिसत नाहीये. पण गाठ कमी झाली नाही, तर पूर्ण काढून तपासावी लागेल."

गणिताच्या पेपरात मुलं प्रश्नाचा अर्धाच भाग वाचून उत्तर लिहायला घेतात आणि मी त्यांना झापते. आम्ही नवराबायकोंनी तेच केलं. पहिलं वाक्य घेऊन घरी आलो, दुसरं दवाखान्यातच राहिलं. रिक्षातच अनिल म्हणाले, "रविवारी उपकारस्तुती घेऊ."

साठेक माणसं आली. आमच्या घराला दोनच खोल्या आणि एक हॉल, त्यामुळे गाद्या आणि टीपॉय समोरच्या मालतीवहिनींकडे गेले. मालतीवहिनी लेले, अगदी कांदालसूणही जपून वापरणाऱ्या बाई. त्यांनी खुर्च्या दिल्या आणि चिकन बिर्याणीचा टोप आमच्या घरात शिरेपर्यंत जिन्यात उभं राहून माणसांना वाटही दाखवली. सुमनमावशी पेटीवर. गाणी इतकी जोरात झाली की खालच्या मजल्यावरचे काका येऊन बसले. पाळकसाहेबांनी बायबलमधल्या दहा कुष्ठरोग्यांवर संदेश दिला. दहा बरे झाले, पण आभार मानायला परत आला एकच. "अनिलभाऊ त्या एकासारखे आहेत," असं ते म्हणाले आणि अनिल खाली मान घालून लाजले.

मग ते साक्ष द्यायला उभे राहिले. घरात भरभरून बोलणारा हा माणूस चारचौघांत फार बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "माझ्या घरावर आलेलं संकट देवाने काढून टाकलं," म्हणाले आणि सगळ्यांसमोर रडले. सगळे आमेन म्हणाले. नंतर प्रत्येक बाईने माझी मान दाबून पाहिली. मावशीने तर जाहीरच केलं, "बघ, लहान झालीय."

ती लहान झालेली नव्हती. मला माहीत होतं. पण बिर्याणी चांगली झाली होती आणि घर भरलेलं होतं.

तो दिवस

उन्हाळा लागेपर्यंत अंगावरचे कपडे घामाने भिजायला लागले आणि वजन उतरलं. गाठ काढली. रिपोर्टसाठी ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी आम्हाला पाणी दिलं. डॉक्टर स्वतःहून पाणी देतात तेव्हा ओळखून घ्यावं. मग ते शांतपणे म्हणाले की हा लिम्फोमा आहे, लसिकाग्रंथींचा कॅन्सर, उपचार लांबलचक आहेत पण होण्यासारखे आहेत.

अनिल म्हणाले, "पण आधीचा रिपोर्ट चांगला होता."

"सुईत थोड्याच पेशी येतात हो. कधीकधी नेमक्या हव्या त्या येत नाहीत."

"आम्ही उपकारस्तुती घेतली," अनिल म्हणाले. डॉक्टरांना ते काय कळणार? त्यांनी मान हलवली आणि पुढच्या तपासण्या लिहायला घेतल्या.

लोक म्हणतात, त्या क्षणी मृत्यू दिसतो. मला तसं काही दिसलं नाही. मला ती साठ माणसं दिसली. आता त्यांना काय सांगायचं, हा माझ्या मनात आलेला पहिला विचार. लाज वाटली मला. आजाराची लाज वाटते, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे सांगून ठेवते.

बाहेर पडून आम्ही तलावपाळीवर, तिथल्या तलावाच्या कट्ट्यावर बसलो. लग्न ठरल्यावर आम्ही तिथेच बसायचो, कारण कल्याणात बसलं तर अर्ध्या तासात बाबांच्या कानावर जायचं. तेव्हा अनिल शेंगदाण्याची पुडी घ्यायचे आणि सोलून सोलून मला द्यायचे, स्वतः मोजकेच खायचे. त्या दिवशीही त्यांनी पुडी घेतली. दोघांच्या मध्ये ठेवली. मग ती तशीच उचलून घरी आणली.

संध्याकाळी आम्ही तिघं कॉटवर बसलो. अनिलनी डोळे मिटले. बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग डोळे उघडून म्हणाले, "तू कर." आणि उठून गॅलरीत गेले.

स्नेहाने माझ्याकडे पाहिलं. मी कशीबशी चार वाक्यं जुळवली. काय म्हटलं तेही आठवत नाही. त्या संध्याकाळपासून आमच्या घरातली त्यांची प्रार्थना बंद झाली.

फाटकाबाहेर

आमचं चर्च कल्याणला. पहिल्या रविवारी मी गेले तेव्हा माणसांना माझ्याकडे कुठे पाहावं कळेना. आमच्या पद्धतीने सलाम करत होते, पण लगेच नजर वळवत होते. एका गृहस्थांनी उपासनेनंतर मला गाठलंच. "ताई, राग मानू नका, पण सभा जरा घाईत झाली. आणि कधीकधी आपला विश्वास कमी पडतो."

सुमनमावशी मागेच उभी होती. "भाऊसाहेब," ती म्हणाली, "तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तुमचा विश्वास किती कमी पडला होता ते आम्ही विचारलं का?" गृहस्थ निघून गेले. मावशीची जीभ धारदार आहे, आणि त्या दिवशी मी तिचेही उपकार मानले.

अनिलनी ते ऐकलं. पुढच्या रविवारपासून ते मला स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडायचे आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसून राहायचे. घंटा वाजायची, गाणी सुरू व्हायची, ते बाहेर. मी आत बायकांच्या रांगेत बसून खिडकीतून त्यांचं डोकं पाहायची. माझ्या आजारापेक्षा मला त्या डोक्याची काळजी जास्त वाटायची, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. कॅन्सरवर डॉक्टर काम करत होते. याच्यावर कोण करणार?

स्नेहाला बापाचं हे वागणं अजिबात पटत नव्हतं. ती ठाण्याला नोकरी करते, तिला सगळं सरळ बोलायची सवय. "पप्पा, मम्मीला सध्या तुमची गरज आहे आणि तुम्ही तिकडे कटिंग पीत बसता?"

"मी तिला नेतोय, आणतोय. एक केमो चुकवलेली नाही."

"मी त्याबद्दल बोलत नाहीये."

"मग तू बोलूच नकोस."

त्यानंतर बापलेक फक्त माझ्यामार्फत बोलायला लागले. "पप्पांना सांग भाजी आणलीय." "तिला म्हणावं छत्री ने." घरात तिघंच माणसं आणि मी दुभाषी.

खुर्च्यांचा वॉर्ड

केमो ठाण्याला, दर पंधरवड्याला. दिवसभराचा वॉर्ड, रेलून बसायच्या खुर्च्यांचा. सकाळी रक्त तपासायचं, पेशी पुरेशा असल्या तर सलाईन लावायचं, नाहीतर परत घरी. परत पाठवलं की आनंद व्हावा ना? उलट रडू यायचं. सगळ्यात अवघड काम म्हणजे हाताची शीर सापडणं. माझ्या शिरा सिस्टरला पाहून लपायच्या.

माझ्या शेजारच्या खुर्चीत नेहमी दिवा स्टेशनजवळ राहणारी संगीता असायची. मूळची कणकवलीकडची, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. मी शिक्षिका आहे कळल्यावर ती मला टीचरच म्हणायची.

"काय टीचर, आज शीर गावली?"

"तिसऱ्यांदा."

"मग तुम्ही पास. मला दोनदा नापास केलंय आजच."

तिचा नवरा एक फेरी सोडून एकदाच यायचा. का, असं मी विचारलं तर म्हणाली, "आज टँकरचा दिवस ना. तो इथे येऊन बसला तर घरी बादल्या कोण भरणार? उलट्या काढायच्या तर पाणी हवंच." हे सांगतानाही ती हसत होती. आमच्याकडे नळ उघडला की पाणी यायचं, त्याबद्दल मी तोवर कधी देवाला काही म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी प्रार्थनेत म्हटलं. सांगण्यासारखं तेवढंच सुचलं.

तेव्हापासून मला एक पद्धत सापडली. मोठं काही मागायला जमत नव्हतं. 'मला बरं कर' म्हटलं की आतून कुणीतरी विचारायचं, मागच्या वेळी काय झालं? म्हणून मी मागणं सोडलं आणि रोज एकच गोष्ट सांगायची ठरवलं. आज शीर लवकर मिळाली, उपकार. आज उलटी झाली नाही, उपकार. आज संगीताच्या बिल्डिंगला पाणी आलं, उपकार. बाबांच्या साक्षीच्या मानाने ही अगदीच भिकारडी प्रार्थना होती. अनिल गॅलरीच्या दारात पाठमोरे उभे असायचे. आत यायचे नाहीत, पण माझं आमेन होईपर्यंत हलायचेही नाहीत.

खिचडी

ती साठ माणसं पळून गेली नाहीत, हे मला इथे ठळक लिहायचंय. थोडे दिवस बिचकली, मग भगिनी मंडळाने आपापसांत वार वाटून घेतले आणि डबे सुरू झाले. केमोनंतरच्या दिवसांत स्नेहाला ऑफिसला जाता यावं म्हणून रोज कुणी ना कुणी येऊन बसायचं. कल्याणहून, शहाडहून, एक जण तर थेट अंबरनाथहून. अडचण एकच होती. आजारी माणसाला काय द्यायचं, याबद्दल साऱ्या मराठी ख्रिस्ती बायकांचं एकमत असतं आणि ते म्हणजे मुगाची खिचडी. सोमवारी खिचडी, मंगळवारी खिचडी, बुधवारी जरा बदल म्हणून पातळ खिचडी. देवा, ही खिचडी थांबव, ही माझी त्या काळातली सगळ्यात मनापासूनची प्रार्थना असेल.

केस गळायला लागले तेव्हा स्नेहाने बापाचं ट्रिमर आणलं आणि मला बाथरूममधल्या स्टुलावर बसवलं. मधेच तिचा हात थांबला. "मम्मी, तुझं डोकं किती छान गोल आहे," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. मग आरशात पाहिलं तर मी हुबेहूब माझ्या बाबांसारखी दिसत होते, आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

समोरच्या मालतीवहिनींचं मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. फोडणीच्या वासाने मला मळमळायचं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी आमच्या खिडकीसमोर. वहिनींनी ती सगळा उन्हाळा बंद ठेवली आणि आत घामाघूम होऊन स्वयंपाक केला. कधी बोलल्या नाहीत. त्यांच्या सुनेच्या तोंडून सहज निघून गेलं म्हणून कळलं.

कधीकधी मला त्या वर्षाची आठवण येते, आणि ही आठवण वाईट नसते. हे ऐकून स्नेहा वैतागते. पण माझं घर पुन्हा कधी तसं भरलं नाही. दार लोटलेलं असायचं, कुणीतरी आत येऊन न विचारता भांडी घासायचं, कुणीतरी जुनं गाणं गुणगुणायचं. मला ग्लानी असायची आणि त्या ग्लानीत वाटायचं की मी रेल्वे क्वार्टरमध्येच आहे, आई बाहेर माणसं मोजतेय.

पिठलं

उपचार अर्धे झाले होते. एका संध्याकाळी मला अचानक पिठलं-भाकरी खावीशी वाटली. अनिलनीच केलं. भाकरी त्यांना येते, त्यांच्या आईने जालन्याला शिकवलेली. पहिली भाकरी मी खाल्ली. दुसरी मागितली. तीही खाल्ली. तवा पुसता पुसता ते स्वतःशीच बोलून गेले, "देवाची कृपा."

आणि थांबले. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा झाला. मला हसू फुटलं.

"हसू नकोस," ते म्हणाले.

"नाही हसत."

त्यांनी फडकं ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "आजार आला म्हणून माझा राग नाही, रजनी. आजार कुणाला येत नाहीत? पण मी त्या दिवशी साठ माणसांसमोर उभा राहिलो. त्याचे उपकार मानले. रडलो. त्याला तेव्हा माहीत होतं ना, गाठीत काय आहे ते? मग त्याने मला थांबवलं का नाही? माझं तोंड का नाही धरलं? मला असं मूर्ख का बनवलं?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "पण तुम्ही बोलत नाही, तर हे घर मुकं झालंय. मला जमत नाही हो तुमच्यासारखं. पंख्याचं रेग्युलेटर पुन्हा बिघडलंय, ते तरी कुणी सांगायचं?"

ते हसले नाहीत. पण जेवायला बसले आणि माझ्या ताटातलं उरलेलं पिठलं संपवलं.

पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब आले. त्यांनी काही संदेश दिला असता तर अनिल उठून गेले असते. पण ते स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "अनिलभाऊ, त्या दिवशीच्या संदेशानंतर मी ते दहा कुष्ठरोगी पुन्हा उघडलेच नाहीत. हिंमत होत नाही." अनिलनी त्यांनाही तोच प्रश्न विचारला, त्याने मला थांबवलं का नाही. पाळकसाहेब म्हणाले, "मला माहीत नाही. मीही तुमच्याबरोबर तिथेच उभा होतो."

मी मटार सोलायला घेतले होते. पाळकसाहेबांनी परात पुढे ओढली, अनिलही बसले, आणि ते दोघं मान खाली घालून मटार सोलत राहिले. निघताना अनिल त्यांना खालपर्यंत सोडायला गेले आणि खूप वेळाने वर आले. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

त्यानंतरही ते चर्चमध्ये आले नाहीत, टपरीवरच बसायचे. संध्याकाळी मात्र गॅलरीच्या दारातून कॉटच्या टोकापर्यंत आले. बोलत नव्हते. बसत होते.

सोमवारचा रिपोर्ट

शेवटची केमो झाली, मग थोडी वाट पाहून स्कॅन. रिपोर्ट सोमवारी मिळणार होता. सोमवारी काय आलं ते आताच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको: चांगला आला, आणि अजूनपर्यंत चांगलं आहे. पण मला सांगायचाय तो त्याचा आदला दिवस.

गुरुवारी सुमनमावशीचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, कारण माझ्या हाताच्या बोटांना अजून मुंग्या यायच्या. "रजनी, रिपोर्ट आला की कळव. मग सभेचं बघू. पण या वेळी घाई नको बाई. पक्का येऊ दे, डॉक्टरांच्या तोंडून नीट ऐका, मगच."

अनिल पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि फोनकडे वाकले. "मावशी, सलाम. सभा रविवारी संध्याकाळी आहे. तुम्ही पेटी घेऊन या."

मावशी म्हणाली, "अरे, पण रिपोर्ट सोमवारी ना?"

"हो."

"पुन्हा तीच चूक करताय तुम्ही."

"हो, तीच," अनिल म्हणाले आणि पुन्हा पेपर उचलला.

मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. मी घाबरले. पुन्हा त्या साठ माणसांसमोर, पुन्हा त्या सतरंज्या, आणि सोमवारी पुन्हा पाण्याचा ग्लास पुढे करणारे डॉक्टर? मी फोन बंद केला आणि विचारलं, "अहो, सोमवारी वाईट निघालं तर?"

त्यांनी पेपरमागूनच उत्तर दिलं. "मग माझ्या तोंडून उपकार निघणार नाहीत. मी ओळखतो स्वतःला. म्हणून रविवारी मानून घेतो, अजून मानता येतायत तोवर."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पेपर उलटा धरलेला होता.

रविवारी निम्मीच माणसं आली. बाकीच्यांनी कामं काढली, आणि मी त्यांना दोष देत नाही. मालतीवहिनींनी या वेळी खुर्च्या दिल्या आणि स्वतःही एका खुर्चीवर बसल्या. संगीता नवऱ्याला घेऊन दिव्याहून आली, डोक्याला माझ्यासारखाच रुमाल. तिला आमची पद्धत माहीत नव्हती, म्हणून सगळे उठले की उठायची आणि बसले की बसायची. पाळकसाहेबांनी संदेश दिलाच नाही. म्हणाले, "आज मी ऐकायला आलोय." स्नेहा बापाच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. मावशीने पेटी मिटली आणि घर शांत झालं.

अनिल उभे राहिले. साक्ष देतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. बराच वेळ काहीच आलं नाही आणि मला ती पहिली संध्याकाळ आठवली, 'तू कर' म्हणून ते गॅलरीत गेले होते ती. मी मनात माझं एक वाक्य जुळवायला लागले, वेळ पडली तर असावं म्हणून.

"प्रभू," ते म्हणाले. आवाज फाटलेला होता. "मागच्या वेळी मी रिपोर्टचे उपकार मानले. उद्या काय आहे ते तुला माहीत आहे, आम्हाला नाही. आज रजनी इथे बसलीय. याचे उपकार."

लोक डोळे मिटून पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिले. मला कळलं की पुढचं वाक्य नाही, आणि पहिलं आमेन मी म्हटलं.